साठ विद्यार्थी, चार तास आणि एकच गुडघा

नागपुरातल्या एका फिजिओथेरपी कॉलेजात नुकतेच रुजू झालेले एक ट्यूटर विचारतात: पहिल्या वर्षाला साठ मुलंमुली आहेत, गुडघ्यासाठी वेळापत्रकात चार तास आहेत, डिसेक्शन हॉलमध्ये नीट उघडलेला गुडघा एकच आणि तोही सुकत चाललेला. निम्मे विद्यार्थी गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडून मराठी माध्यमातून आलेले. लिगामेंटची, म्हणजे हाडांना हाडं बांधणाऱ्या पट्ट्यांची, नावं धडाधड म्हणतात आणि महिन्याभराने विचारलं की कोरे. सुरुवात कुठून करू, एका नमुन्यावर भागवू कसं आणि परीक्षा घेऊ कशी?

सर, मी नागपुरात सत्तावीस वर्षं ॲनाटॉमी शिकवते आहे. आधी एमबीबीएसच्या मुलांना शिकवलं, आता फिजिओच्या. तुम्ही जे वर्णन केलंत ते माझ्या पहिल्या सहा-सात वर्षांचं वर्णन आहे. फळ्यावर सुंदर आकृती काढायची, रंगीत खडूने लिगामेंट दाखवायची, प्रत्येकाचं टोक कुठे चिकटतं ते लिहून द्यायचं. मुलं ते उतरवून घ्यायची आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, म्हणून दाखवायची. माझ्या विषयात फार चांगले गुण मिळवलेली एक मुलगी पुढे इंटर्न असताना ओपीडीत भेटली. समोर एक आजी बसल्या होत्या. मी सहज म्हटलं, "यांची जॉइंट लाइन दाखव बरं." तिचं बोट वाटीच्या वरच्या कडेवर गेलं, म्हणजे सांध्याच्या फटीपासून चांगलं तीन-चार बोटं वर. तिला दोष कसा देणार? ती यादी तिला मीच दिली होती. त्या दिवसानंतर मी गुडघा शिकवण्याचा क्रम बदलला. तोच क्रम इथे सांगते.

पहिल्या तासाला एकही लिगामेंट सांगू नका. फक्त दोन हाडं द्या, मांडीचं फीमर आणि नडगीचं टिबिया. दहा-दहा जणांचे गट करा, सीनियर्सकडून बोन सेट मागवून घ्या आणि एवढंच सांगा की फीमर टिबियावर उभं करून दाखवा. ते राहत नाही. घसरतं, फिरतं, कलंडतं. मुलं हसतात, दोन्ही हातांनी धरतात, मग एकेक जण बोलायला लागतो: "मॅडम, हे बसतच नाही." हे वाक्य त्यांच्या तोंडून येईपर्यंत थांबायचं. खुब्याच्या सांध्यात गोळा खोल खोबणीत बसतो, कोपरात एक हाड दुसऱ्याला आकड्यासारखं धरतं. गुडघ्यात मात्र फीमरची दोन गोल टोकं, म्हणजे कंडाइल, जवळजवळ सपाट पाटावर टेकलेली असतात. शरीरातला हा सर्वांत मोठा सायनोव्हियल, म्हणजे आत द्रव असलेला, सांधा, सगळं वजन त्याच्यावर, आणि हाडांच्या आकारात त्याला धरून ठेवेल असं फार थोडं. आतली बाजू किंचित खोलगट आहे, बाहेरची बाजू तर सपाटही नाही, पुढून मागे थोडी फुगीर आहे. बोट फिरवून हे त्यांनाच सांगू द्या.

हे पटलं की विचारा, "मग धरून ठेवायला काय काय लागेल?" उत्तरं फळ्याच्या डाव्या बाजूला मराठीतच लिहा. दोरी, पट्टा, कडेला उंचवटा, मध्ये गादी, वरून ओढणारं काहीतरी. माझ्या वर्गात एकदा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, चुंबळ लागेल." त्याची आई डोक्यावर घागर आणायची. तेव्हापासून मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली कूर्चेची गादी, शिकवायला मला दुसरी उपमा लागली नाही. गोल बुडाची घागर सपाट डोक्यावर बसावी म्हणून मध्ये चुंबळ ठेवायची. बाहेरची चुंबळ जवळजवळ पूर्ण वेटोळं असते, आतली मात्र इंग्रजी सी अक्षरासारखी उघडी. फळ्याची उजवी बाजू कोरी ठेवा. तिथे नावं दुसऱ्या-तिसऱ्या तासाला येतील, आणि तोवर प्रत्येक नावाला राहायला घर तयार झालेलं असेल.

चुंबळीचं काम दाखवायला कणकेचा एक गोळा आणि एक संत्रं पुरतं. संत्र्याचं बूड स्टॅम्प पॅडवर टेकवा आणि कोऱ्या कागदावर दाबा. छोटा ठिपका उमटतो. आता त्याच कागदावर कणकेचं वेटोळं ठेवून त्यात संत्रं दाबा. मधला ठिपका तर आहेच, शिवाय कणकेच्या आतल्या उतारावर शाईची अख्खी कड उमटते. तेवढंच वजन, पण टेकायला जागा किती वाढली ते मुलं स्वतः बघतात. इथे मी दोन माणसांची गोष्ट सांगते. लंडनचे शल्यविशारद जॉन ब्लँड-सटन यांनी १८९७ मध्ये मेनिस्कस म्हणजे पायाच्या स्नायूंचे निरुपयोगी उरलेले अवशेष आहेत असं लिहिलं होतं. पुढे कित्येक वर्षं फाटलेला मेनिस्कस पूर्ण काढून टाकण्याची पद्धत होती. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी मेनिस्कस काढून टाकल्यानंतर गुडघे एक्स-रेवर कसे बदलत जातात ते मांडलं. सांध्याची फट कमी होते, कडेला हाड वाढतं, कंडाइल चपटा होतो. कणकेचं वेटोळं काढून घेतल्यावर काय होतं, तेच ते. मुलांना हे सांगावं, कारण "हे नसतं तर काय झालं असतं" हा प्रश्न इथे कुणीतरी खऱ्या माणसांवर करून बघितला आहे.

मेनिस्कसच्या रक्तपुरवठ्यासाठी मी शेतीचा शब्द वापरते आणि गडचिरोलीच्या मुलाला तो लगेच कळतो. बाहेरची कड ओलिताची, आतला भाग कोरडवाहू. मोठ्या माणसात बाहेरच्या साधारण १० ते ३० टक्के भागापर्यंतच रक्तवाहिन्या पोचतात, उरलेला भाग सांध्यातल्या द्रवावर जगतो. म्हणून ओलिताच्या पट्ट्यातली फाटकी कड शिवली तर भरून येऊ शकते, कोरडवाहूतली सहसा नाही. एवढं कळलं की पुढे सर्जनची चिठ्ठी वाचताना त्यांना कळेल की एकाला टाके आणि दुसऱ्याला काटछाट असं का.

आता लाटणं. पोळपाट नको, काडेपेटी घ्या. गुडघा वाकताना फीमर टिबियावर नुसतं गडगडत मागे गेलं तर काय होईल? चार सेंटिमीटर जाडीचं लाटणं १४० अंश गडगडलं तर जवळजवळ पाच सेंटिमीटर पुढे जातं. काडेपेटी साधारण पाच सेंटिमीटर लांब. मधोमध ठेवलेलं लाटणं अर्ध्यातच काठावरून खाली पडतं. खऱ्या गुडघ्याचंही माप असंच आहे, फीमरच्या गुळगुळीत भागाची लांबी टिबियाच्या पाटाच्या जवळजवळ दुप्पट भरते. मग ते पडत का नाही? मुलांना लाटणं पडू न देता फिरवायला सांगा. थोड्या वेळात त्यांचे हात आपोआप शोधून काढतात की मागे गडगडताना लाटणं पुढे घसरवावं लागतं. चाक फिरतंय पण जागेवरच, चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखं. सुरुवातीचे काही अंश नुसतं गडगडणं, नंतर घसरणं. आणि फीमर मागे जायला लागलं की त्याला पुढे धरून ठेवणारी एक दोरी आहे हे त्यांनी स्वतः मागितलं पाहिजे. मागितली की द्या: ॲन्टिरिअर क्रुशिएट, सांध्याच्या आत एकमेकांवर फुली मारणाऱ्या दोन लिगामेंटपैकी पुढचं.

क्रुशिएटची दिशा हा दरवर्षीचा गोंधळ. मुलं दोन गोष्टींत चुकतात. पहिली, पुढचं-मागचं हे नाव टिबियावरच्या जागेवरून पडलं आहे, फीमरवरच्या नाही. दुसरी, कुठलं कुठल्या कंडाइलला जातं. त्यासाठी बोटं पुरतात. खुर्चीत बसा. उजवा तळहात उजव्या मांडीवर ठेवा, बोटं गुडघ्यावरून खाली जमिनीकडे. आता मधलं बोट तर्जनीवर चढवा. वर चढलेलं मधलं बोट म्हणजे ॲन्टिरिअर क्रुशिएट, वरून बाहेरच्या बाजूने निघून खाली, पुढे आणि आत येणारं. खाली दबलेली तर्जनी म्हणजे पोस्टिरिअर, आतल्या कंडाइलकडून निघून खाली, मागे आणि बाहेर जाणारं. डाव्या गुडघ्याला डावा हात. व्हायवात मुलं टेबलाखाली बोटं चढवून बसलेली दिसली तर चिडू नका, ती आठवतायत.

तुमच्याकडची मुलं मराठी माध्यमातली आहेत याची काळजी करू नका. खरं सांगू का, या सांध्यात ती तुमचा फायदाच करून देतात. लॅटिनमध्ये पॅटेला म्हणजे लहानशी ताटली. आपल्या आज्या त्याला गुडघ्याची वाटी म्हणतात. दोन्हीकडच्या लोकांनी तेच बघितलं. मेनिस्कस हा ग्रीक शब्द, अर्थ छोटा चंद्र, म्हणजे चंद्रकोर. टिबिया म्हणजे पावा, आणि आपण पायाची नळी म्हणतोच. फिब्युला, टिबियाच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, म्हणजे वस्त्राला लावायची पिन. टिबियाला फिब्युला शेजारी लावून बघा, साडीपिन दिसते. क्रुशिएट म्हणजे फुली. आणि गुडघ्याचं लॅटिन नाव जेनू, संस्कृत जानु, इंग्रजी नी हे एकाच कुळातले शब्द आहेत. ज्याला आजानुबाहू किंवा जानुशीर्षासन माहीत आहे त्याला जेनू व्हॅरम, म्हणजे धनुष्यासारखे वाकलेले गुडघे, परका का वाटावा? नावं इंग्रजीतच लिहायची आहेत, परीक्षा तीच आहे. पण समजावणं मराठीत करा, संकोच करू नका. पुढे त्यांचे पेशंट "गादी फाटली", "वाटी सरकली ना जी", "वंगण संपलं" याच भाषेत बोलणार आहेत. वंगणाबद्दलही वर्गातच सांगून टाका की निरोगी गुडघ्यात द्रव असतो जेमतेम अर्धा-पाऊण चमचा, तीन-चार मिलिलिटरच्या आत. पेशंटच्या मनात वाटीभर तेल असतं.

दुसरा तास पूर्ण जिवंत गुडघ्यावर. मुलांची आणि मुलींची जागा वेगळी करा, घरून सैल पायजमा किंवा शॉर्ट्स आणायला आदल्या दिवशी सांगा, ज्याला दुसऱ्याचा हात नको असेल त्याने स्वतःच्याच गुडघ्यावर करावं. टेबलाच्या काठावर बसून गुडघा काटकोनात. वाटी, वाटीच्या टोकापासून खाली उतरणारा जाड पट्टा, तो जिथे संपतो तो नडगीवरचा टेंगूळ. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे सरकवले की मऊ खळगे लागतात. खळग्यात अंगठा दाबून ठेवा आणि कडेकडेने मागे न्या. वर फीमरची गोलाई, खाली टिबियाची धार, मध्ये फट. हीच ती जॉइंट लाइन जी माझ्या विद्यार्थिनीला सापडली नव्हती. आतल्या खळग्यात बोट ठेवून पाऊल आत वळवायला सांगा. बोटाखाली काहीतरी पुढे येऊन टेकतं आणि पाऊल बाहेर वळवलं की नाहीसं होतं. ती आतल्या मेनिस्कसची पुढची कड. पहिल्यांदा ती लागते तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

मग एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून आडवी मांडी घालायची. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युलाच्या डोक्यापासून वर जाणारी ताणलेली दोरी बोटाला सहज लागते, सायकलच्या ब्रेकच्या तारेसारखी. ते लॅटरल कोलॅटरल, बाहेरच्या कडेचं लिगामेंट. तसंच आत शोधायला सांगा. सापडत नाही, कारण मीडिअल कोलॅटरल दोरी नाही, पसरलेला चपटा पट्टा आहे आणि त्याचा खोल थर आतल्या मेनिस्कसला चिकटलेला आहे. बाहेरची दोरी मेनिस्कसपासून सुटी असते, मधून गुडघ्यामागच्या पॉप्लिटिअस स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, जातो. बाहेरचा मेनिस्कस म्हणून मोकळा हलतो, आतला बांधलेला राहतो आणि जास्त वेळा फाटतो. बघा, चार ओळी पाठ करायच्या होत्या त्या एका आडव्या मांडीतून निघाल्या.

आता टिकल्या. एक टिकली वाटीच्या मधोमध, एक नडगीच्या टेंगळावर. गुडघा काटकोनात असताना दोन्ही जवळजवळ एका रेषेत असतात, खालची किंचित आत असली तरी चालेल. पाय हळूहळू सरळ करायला सांगा. शेवटच्या तीसेक अंशांत खालची टिकली बाहेरच्या बाजूला सरकते. कोणी मुद्दाम वळवत नाही, ती आपोआप सरकते. फीमरचा आतला कंडाइल लांब आहे, बाहेरचा आधी संपतो, आतल्याचं अंतर उरतं, म्हणून शेवटी स्क्रूसारखी पिळणी पडते. पाय लोंबकळत असेल तर टिबिया बाहेर वळतं, पाय जमिनीवर रोवलेला असेल तर फीमर आत वळतं. घडतं तेच, फक्त मोकळं हाड कोणतं एवढा फरक. कुलूप लागलं की माणूस फार स्नायू न वापरता तासभर रांगेत उभा राहू शकतो. कुलूप उघडणारा स्नायू पॉप्लिटिअस, आकाराने किती छोटा. मी एका मुलाला बाकावर उभा करते, एकाने गुडघ्यामागून हलकं ढोसलं की त्याचा गुडघा लटकन मोडतो. शाळेत प्रत्येकाने प्रार्थनेच्या रांगेत हे कुणाला तरी केलेलं असतं.

त्याच तासाला फिब्युलाच्या मानेभोवती बोट फिरवायला लावा. हाडावर घरंगळणारी एक जाड दोरी लागते. ती कॉमन पेरोनिअल नर्व्ह, आणि तिच्यावर कातडीशिवाय जवळजवळ काही नाही. निंदणाला दिवसभर उकिडवं बसणाऱ्या बाया कधीकधी याच तक्रारीने येतात. दुखत नाही फारसं. "चप्पल पायातून निघून जाते जी, कळतच नाही," असं सांगतात. पाऊल वर उचलायचे स्नायू गेलेले असतात. ती नर्व्ह कुठे दबली हे दाखवायला आकृती लागत नाही, उकिडवं बसून दाखवलं की पुरतं. घट्ट प्लास्टरनेही हेच होतं. तुमची मुलं फिजिओ होणार आहेत, फूट ड्रॉप त्यांच्याकडेच येणार.

तिसरा तास डिसेक्शन हॉलचा. एकच नमुना आहे म्हणालात, तर आधी तो वाचवा. नागपूरच्या उन्हाळ्यात पंख्याखाली उघडा ठेवलेला गुडघा दोन बॅचमध्ये चामड्यासारखा होतो. ओलं सुती फडकं गुंडाळा, वर प्लास्टिक, आणि पाहत असलेला भाग तेवढाच उघडा ठेवा. नवा पाय उघडायला मिळाला तर वाटीखालचा पट्टा कधी कापू नका. वाटीच्या वर क्वाड्रिसेप्सचा, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूचा, टेंडन आडवा कापा, दोन्ही बाजूंनी कंडाइलपर्यंत काप खाली आणा आणि वाटी पुढच्या बाजूला खाली उलटवा, पेटीचं झाकण उघडावं तशी. वाटीची मागची बाजू, चरबीची गादी, सांध्याची आतली पिशवी वर मांडीत किती बोटं चढते हे सगळं एका झाकणाखाली दिसतं. मागून पोटरीच्या गॅस्ट्रॉक्निमिअस स्नायूची दोन डोकी सोडवून कॅप्सूल, म्हणजे सांध्याभोवतीचं आवरण, उघडली की पोस्टिरिअर क्रुशिएट समोर येतं. आणि दोन्ही क्रुशिएट पूर्ण दाखवायची असतील तर शेवटी फीमर दोन कंडाइलच्या मधोमध उभं करवतीने चिरा. दोन अर्धे वेगळे हलवता आले की कुठली दोरी कुठल्या अर्ध्याबरोबर जाते हे पुन्हा समजवावं लागत नाही.

गुडघ्यामागच्या पॉप्लिटिअल खळग्यात थांबा. कातडीकडून आत जाताना आधी नर्व्ह, मग शीर, सगळ्यात खोल धमनी, हाडाला टेकलेली. फीमर कंडाइलच्या वर मोडलं तर गॅस्ट्रॉक्निमिअस खालचा तुकडा मागे ओढतो आणि तो नेमका धमनीवर येतो. म्हणून मांडी मोडून आलेल्या पेशंटच्या पावलाची नाडी बघायची. हे एवढंच सांगा, बाकी फांद्यांची नावं वाचून येतील.

एक देहदानातल्या आजींचा गुडघा मी विसरत नाही. मुलं पांढराशुभ्र कूर्चा दिसेल या अपेक्षेने वाकली होती. बाहेरच्या बाजूला तो तसाच होता, मोत्यासारखा. आतल्या बाजूला कूर्चा नव्हताच, खालचं हाड घासून घासून हस्तिदंतासारखं चकाकत होतं आणि कडेला हाडाचे कंगोरे आले होते. चालताना आतल्या बाजूवर जास्त वजन येतं, आपल्याकडच्या झिजलेल्या गुडघ्यांत बहुधा आतलीच बाजू आधी जाते आणि पाय धनुष्यासारखे वाकतात. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "माझ्या आजीचा असाच असेल आतून." त्या तासाला मी ठरवलेलं काही शिकवलं नाही. नमुना पुस्तकासारखा नसला तर तो बदलून मागू नका. असा एक गुडघा जवळ असेल तर जपून ठेवा.

साठ जणांना हाताळायला मिळावं म्हणून मी बकऱ्याचे गुडघे आणते. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगावं लागतं, नाहीतर सवयीने सत्तूर सांध्यावरच पडतो. मागचा पाय, मांडीचं हाड आणि नळी दोन्ही चार-चार बोटं शिल्लक, सांधा न तोडलेला. सहा गुडघे, दहा जणांना एक. वाटी, दोन्ही मेनिस्कस, दोन्ही क्रुशिएट स्वच्छ दिसतात, आणि फॉर्मालिनमधल्या गुडघ्यात कधीच कळत नाही ती गोष्ट कळते: ओलेपणा, चकचकीतपणा, दोरीचा खरा ताण. ॲन्टिरिअर क्रुशिएट कापायच्या आधी टिबिया पुढे ओढून बघायला सांगा, मग कापा, मग पुन्हा ओढा. ड्रॉवर टेस्ट म्हणजे काय हे हाताला कळतं. फरकही सांगा, नाहीतर चुकीचं शिकतील: बकऱ्याला आपल्यासारखी पूर्ण फिब्युला नसते, आणि पुढे बाहेरच्या बाजूला बोटं उचलणाऱ्या स्नायूचा एक टेंडन थेट फीमरपासून निघून सांध्यातून जातो, जो आपल्यात नाही. जी मुलं शाकाहारी आहेत किंवा ज्यांना हे नको आहे त्यांना जबरदस्ती नको. त्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आणि बोन सेट द्या, सांधा बांधायला सांगा. गेल्या काही वर्षांत सगळ्यांत नेमका गुडघा मला अशाच एका गटाने बांधून दिला.

मोबाइलवरच्या थ्रीडी ॲपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलं विचारतील. वापरू द्या, या तीन तासांनंतर. पडद्यावरचा गुडघा कितीही फिरवा, तो बोटाला विरोध करत नाही. विरोध हाताला एकदा कळला की पडदा खूप उपयोगी आहे.

आणि एक गोष्ट जरूर सांगा, कारण पहिल्या वर्षाच्या मुलांना वाटतं ॲनाटॉमी शंभर वर्षांपूर्वी संपली. २०१३ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या क्लास आणि बेलेमान्स यांच्या गटाने गुडघ्याच्या बाहेरच्या-पुढच्या बाजूच्या लिगामेंटचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत नवीन लिगामेंट सापडल्याच्या बातम्या आल्या. खरं तर पॉल सेगों या फ्रेंच सर्जनने १८७९ मध्येच तिथल्या मोत्यासारख्या चमकणाऱ्या तंतूंच्या पट्ट्याबद्दल लिहिलं होतं. तो प्रत्येक माणसात वेगळं लिगामेंट म्हणून असतो का, यावर अजून सगळ्यांचं एकमत नाही. तुमच्या नमुन्यात शोधायला लावा. सापडलं तर दाखवा, नाही सापडलं तर तसं लिहा.

चौथा तास, म्हणजे तुमचा तिसरा प्रश्न. "ॲन्टिरिअर क्रुशिएटची अटॅचमेंट सांगा" हा प्रश्न मी बंद केला. त्याऐवजी माणूस द्यायचा. खो-खो खेळणारी मुलगी, खांबाला वळसा घालताना पाय रोवलेला राहिला आणि अंग वळलं, आतून कट्ट आवाज आला, दोन तासांत गुडघा टम्म. काय तुटलं? सूज दोन तासांत आली आणि दुसऱ्या दिवशी आली यात फरक काय? पहिली रक्ताची, बहुधा क्रुशिएट. हळू येणारी सूज मेनिस्कसची असू शकते. दुसरा माणूस, गाडीत पुढच्या सीटवर बसलेला, धडकेत वाकलेला गुडघा डॅशबोर्डवर आपटला. टिबिया कुठे ढकललं गेलं? मागे. मग कुठली दोरी? इथे तर्जनी आठवते. तिसरा, आठ वर्षांचा मुलगा, गुडघा दुखतो म्हणतो, गुडघ्यात काहीच सापडत नाही. आता कुठे बघाल? ज्या नर्व्ह सांध्यावरचे स्नायू हलवतात त्याच सांध्यालाही फांद्या देतात, हा हिल्टनचा नियम. ऑब्ट्युरेटर नर्व्ह खुब्याला जाते आणि गुडघ्यालाही. मूल गुडघा दाखवतं आणि आजार खुब्यात असतो. ज्याने खुबा तपासायला हवा म्हटलं त्याला मी पूर्ण गुण देते, नर्व्हचं नाव आठवलं नाही तरी.

एक ठिकाणी पुस्तकाशी माझं पटत नाही ते सांगते. बाहेरून धक्का बसला की ॲन्टिरिअर क्रुशिएट, मीडिअल कोलॅटरल आणि मीडिअल मेनिस्कस अशी तिघांची तिकडी मुलांना पाठ असते. ताज्या क्रुशिएटच्या इजेत मात्र बाहेरचा मेनिस्कस फाटलेला जास्त वेळा सापडतो. पाठांतर तपासायचं असेल तर तिघं विचारा, पण वर्गात हेही सांगून ठेवा.

वाटी मात्र स्पॉटिंगमध्ये, म्हणजे ठेवलेले नमुने ओळखायच्या परीक्षेत, नक्की ठेवा. बाजू ओळखायची पद्धत सगळ्यांना येते: निमुळतं टोक आपल्यापासून दूर, गुळगुळीत बाजू टेबलावर, सोडून दिली की वाटी ज्या बाजूला कलते ती तिची बाजू, कारण बाहेरचा उतार मोठा आहे. पण कारण विचारा. फीमरची बाहेरची कड पुढे जास्त उंच का? मांडी तिरकी येते आणि नडगी सरळ उतरते, म्हणून क्वाड्रिसेप्स ओढतो तेव्हा वाटी बाहेर पळायला बघते. तिला उंच कड अडवते आणि क्वाड्रिसेप्सच्या आतल्या भागाचे, व्हास्टस मीडिअलिसचे, खालचे आडवे तंतू आत ओढतात. हे ज्याला सांगता येतं त्याला पुढे वाटी सरकणाऱ्या मुलीला कोणता व्यायाम द्यायचा हे शिकवावं लागत नाही.

शेवटची पाच मिनिटं मी वाट्यांची पिशवी फिरवते. डोळे मिटायचे, हात पिशवीत घालायचा, एक वाटी काढायची आणि न बघता उजवी की डावी ते सांगायचं. टेबल नाही, कलणं नाही, फक्त अंगठा. चार तासांपूर्वी ज्यांना फीमर टिबियावर उभं करता येत नव्हतं त्यांचा अंगठा मागच्या बाजूवरून फिरतो, मधल्या कंगोऱ्यावर थांबतो, एकदा इकडे, एकदा तिकडे जातो आणि मोठ्या उतारावर टेकतो.